आयुक्त का जातात, का टिकतात : नाशिकच्या एका खुर्चीचा हिशेब

नाशिक महापालिकेत आयुक्त बदलले की शरणपूर रोडवरच्या मुख्यालयाबाहेर, म्हणजे राजीव गांधी भवनाबाहेर, चहाच्या टपरीवर दोनच कारणं ऐकू येतात. साहेब कडक असतील तर ‘नगरसेवकांनी घालवलं’, आणि मवाळ असतील तर ‘कामच करत नव्हते’. दोन्ही कारणं बोलायला सोपी आहेत आणि दोन्ही बहुतेक वेळा चुकीची निघतात. त्यासाठी नावं आणि महिने मांडून बघावे लागतात.

२०१४ च्या अखेरीस डॉ. प्रवीण गेडाम आले. त्यांच्यानंतर अभिषेक कृष्णा, तुकाराम मुंढे, राधाकृष्ण गमे, कैलास जाधव, रमेश पवार, डॉ. चंद्रकांत पुलकुंडवार आणि डॉ. अशोक करंजकर. २०२४ सरताना करंजकर गेले आणि मनीषा खत्री यांची नियुक्ती झाली. म्हणजे दहा वर्षांत आठ आयुक्त, सरासरी साधारण पंधरा महिने. सगळ्यात जास्त टिकले ते गेडाम आणि गमे, प्रत्येकी वीस महिन्यांच्या आसपास. सगळ्यात कमी टिकले रमेश पवार, मार्च ते जुलै २०२२. तीन वर्षं कोणीच पूर्ण केली नाहीत. गाजलेले मुंढे नऊ महिने होते आणि फारसे न गाजलेले पुलकुंडवार अकरा. कडकपणावर गणित असतं तर हे दोन आकडे इतके जवळ आले नसते.

नगरसेवकांचं म्हणाल तर सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ ला झाली. मधला सगळा काळ प्रशासकीय राजवट होती. महासभा नाही, स्थायी समिती नाही, अविश्वास ठराव आणायला कोणी नाही. आयुक्तच प्रशासक आणि महासभेचे व स्थायीचे अधिकारही त्यांच्याच हातात. नगरसेवकच आयुक्तांना घालवत असते, तर या काळात आयुक्त पाय रोवून बसायला हवे होते. झालं उलटं. पवार चार महिने, पुलकुंडवार अकरा, करंजकर सतरा. नगरसेवक असतानाच्या काळापेक्षा ही सरासरी कमीच आहे. नाशिकच्या आयुक्तांची खुर्ची शरणपूर रोडवरून हलत नाही, ती मंत्रालयातून हलते, हे यापेक्षा स्वच्छ दिसणार नाही.

अविश्वास ठरावाचं गणित

तरी नगरसेवकांच्या हातात काय असतं ते नीट बघू, कारण त्याबद्दल गैरसमज भरपूर आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे आयुक्त नेमायचे राज्य सरकारने. एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, आणि सरकारला वाटलं तर पुढे वाढवून. त्याच कलमात परत बोलावण्याची तरतूद आहे. एकूण सदस्यांपैकी किमान पाच अष्टमांश सदस्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं तर सरकारने आयुक्तांना तात्काळ परत बोलवावं, असं कायदा सांगतो. हजर सदस्यांच्या पाच अष्टमांश नव्हे, एकूण सदस्यांच्या. गैरहजर राहणारा नगरसेवक आयुक्तांच्याच बाजूने धरला जातो.

नाशिकमध्ये १२२ जागा. त्याचे पाच अष्टमांश ७६.२५, म्हणजे ७७ मतं हवीत. २०१७ च्या निवडणुकीत भाजपला ६६ जागा मिळाल्या होत्या. एकहाती सत्ता, महापौर त्यांचा, स्थायी त्यांची, पण आयुक्त काढायला अकरा मतं बाहेरून आणावी लागणार. मुंढे यांच्या वेळी विरोधकही चिडलेले होते, त्यामुळे ती अकरा मतं मिळालीही असती. पण ठराव मतदानापर्यंत पोचलाच नाही. मोकळ्या जागेसह मालमत्तांच्या करयोग्य मूल्यात केलेल्या वाढीवरून शहर पेटलं होतं, शेतकरीही रस्त्यावर आले होते. १ सप्टेंबर २०१८ ला विशेष महासभा ठरली. तिच्या तोंडावर मुंढे यांनी करवाढ निम्म्याने कमी केली आणि मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून भाजपने ठराव मागे घेतला. नोव्हेंबरात बदली झाली ती झालीच.

ठराव मंजूर झाला असता तरी मुंढे लगेच गेलेच असते असं नाही. नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांच्याविरुद्धचा ठराव १०४ विरुद्ध ६ असा मंजूर झाला होता. एकूण १११ जागांच्या सभागृहात याहून मोठं बहुमत कुठून आणणार? तरी ते आणखी पाच महिने तिथेच होते. मार्च २०१७ मध्ये पुण्याला पीएमपीएमएलवर, म्हणजे तिथल्या शहर बससेवेवर, गेले. कलम ४५१ खाली महापालिकेचा ठराव निलंबित करायचा अधिकार सरकारकडे आहे. एका कलमाने नगरसेवकांना दिलेलं हत्यार दुसऱ्या कलमाने सरकार काढून घेऊ शकतं. म्हणून अविश्वास ठराव म्हणजे मुंबईला पाठवलेलं एक जाड पत्र समजावं. पत्र वाचायचं की नाही, आणि वाचलं तर कधी, हे मुंबईने ठरवायचं. मुंढे यांच्या बाबतीत दोन्ही शहरांत एकच दिसलं: नगरसेवकांनी मागितलं तेव्हा सरकारने दिलं नाही, आणि काही महिन्यांनी दिलं. मागणीपुढे सरकार झुकलं असं दिसू नये, इतकं अंतर मध्ये ठेवलं गेलं.

कागदावर किती संरक्षण आहे

संरक्षण कागदावर भरपूर आहे. ‘बदल्यांचा कायदा’ असं ज्याला सगळे म्हणतात तो २००५ चा अधिनियम १ जुलै २००६ पासून लागू आहे. कलम ३ : अखिल भारतीय सेवेतले आणि राज्य सेवेतले गट अ, ब, क यांचा एका पदावरचा सामान्य कालावधी तीन वर्षं. कलम ४ : मुदत पूर्ण होण्याआधी सामान्यतः बदली नाही, आणि बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात. मुलांच्या शाळा जूनला सुरू होतात, म्हणून हे दोन महिने.

शिवाय ३१ ऑक्टोबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या याचिकेवर निकाल दिला. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये भारतीय प्रशासकीय सेवेचे (भाप्रसे) संवर्ग नियम बदलले. संवर्गातल्या पदावर किमान दोन वर्षं. त्याआधी हलवायचं तर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या नागरी सेवा मंडळाची शिफारस. पोलिसांसाठी प्रकाश सिंह निकाल, २२ सप्टेंबर २००६ चा, आणि त्यावरून २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात घातलेलं कलम २२-न, तेही दोन वर्षांचंच.

इतकं सगळं असून नाशिकच्या पोलीस आयुक्तालयात काय झालं? दीपक पांडेय सप्टेंबर २०२० ते एप्रिल २०२२. त्यांच्यानंतर जयंत नाईकनवरे त्याच वर्षाच्या डिसेंबरपर्यंत. मग अंकुश शिंदे, नोव्हेंबर २०२३ पर्यंत. दोन वर्षं तिघांपैकी कोणाचीच भरली नाहीत.

फट कायद्यातच आहे. कलम ४(४) च्या परंतुकात ‘अपवादात्मक परिस्थिती किंवा विशेष कारणे’ असतील तर एप्रिल-मे सोडून कधीही, आणि ४(५) मध्ये ‘विशेष प्रकरणी’ मुदतीआधीही बदली करता येते. अटी दोन : कारणं लेखी नोंदवायची आणि लगतच्या वरिष्ठ सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यायची. ‘लगतचा वरिष्ठ’ हा कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या बाबतीत खरा अडसर असतो. तहसीलदाराच्या किंवा अभियंत्याच्या बदल्या मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) टिकत नाहीत त्या बहुधा इथेच अडकतात : मंत्र्यांनी सही केली, वरची मान्यता फाईलवर नाही, किंवा कारणाच्या जागी ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढे दोनच शब्द. पण भाप्रसे अधिकाऱ्याच्या बाबतीत सक्षम प्राधिकारी खुद्द मुख्यमंत्री. त्यांच्या वर राज्यात कोण? त्यामुळे जितकं पद मोठं तितकं या कायद्याचं कवच पातळ. कायदा वाचताना हे पटकन ध्यानात येत नाही, पण सगळी मेख इथे आहे.

मोठा अधिकारी कोर्टात का जात नाही, याचंही उत्तर इथेच. राज्य सेवेतल्यांनी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जायचं (नाशिकला मुंबईचं पीठ), अखिल भारतीय सेवेतल्यांनी केंद्रीय न्यायाधिकरणात. मुदत एक वर्षाची, पण स्थगिती हवी असेल तर पदभार सोडण्याआधीच धाव घ्यावी लागते. चार्ज दिला की अंतरिम दिलासा मिळणं कठीण. सर्वोच्च न्यायालयाचं शिल्पी बोस प्रकरणापासूनचं, म्हणजे १९९१ पासूनचं म्हणणं ठरलेलं आहे : बदली हा नोकरीचा भाग आहे, नियमभंग किंवा दुष्ट हेतू असेल तरच कोर्ट हात घालेल. दुष्ट हेतू सिद्ध करायचा म्हणजे मंत्र्यांचं नाव घेऊन आरोप करायचे आणि त्यांच्याच सरकारात पुढची वीस वर्षं काढायची. हरून आलेल्याला वाईट पद मिळतं, जिंकून आलेल्याला सहा महिन्यांनी नियमात बसवून हलवतात. म्हणून शहाणे अधिकारी बॅग भरतात.

मग खरी कारणं कोणती

पहिलं आणि सगळ्यात बिनतक्रार कारण म्हणजे सरकार बदलणं. रमेश पवार मुंबई महापालिकेतून नाशिकला आले ते मार्च २०२२ मध्ये, महाविकास आघाडीच्या काळात. ३० जूनला सरकार बदललं, जुलैत ते गेले. चार महिन्यांत कोणाच्याही कामाचं मूल्यमापन होत नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही.

दुसरं, विधिमंडळ. अधिवेशन चालू असताना एखादा विषय पेटला की सभागृहाला तिथल्या तिथे काहीतरी द्यावं लागतं आणि अधिकाऱ्याची बदली ही द्यायला सगळ्यात स्वस्त वस्तू. मार्च २०२२ मध्ये म्हाडाच्या घरांचा विषय विधान परिषदेत आला होता. चार हजार चौरस मीटरवरच्या गृहप्रकल्पांत वीस टक्के घरं किंवा भूखंड दुर्बल घटकांसाठी द्यायचे असतात, ते नाशिकमध्ये म्हाडाकडे पोचले का, हा प्रश्न. चर्चेअंती आयुक्त कैलास जाधव यांच्या बदलीचे निर्देश सभागृहातूनच निघाले. त्या प्रकरणात कोणाची जबाबदारी किती हा इथला विषय नाही. लक्षात घ्यायचं ते एवढंच की अशा वेळी नागरी सेवा मंडळ, तीन वर्षं, एप्रिल-मे, यातलं काहीही मध्ये येत नाही. मार्चच्या अर्थसंकल्पी, जुलैच्या पावसाळी आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनाआधी अनुभवी अधिकारी लक्षवेधी सूचनांची यादी इतक्या बारकाईने का वाचतात, ते यावरून कळेल.

तिसरं कारण नाशिकचं म्हणून खास आहे : या शहरातली खुर्ची सगळ्यांना हवी असते. मुंबईपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आत, हवा बरी, शाळा चांगल्या, आणि जमिनीची उलाढाल मोठी असल्याने पदाला वजन. जिथे कोणी जायला तयार नसतं तिथले अधिकारी स्वतःच विनंती अर्ज करून निघतात. जिथे सगळ्यांना यायचं असतं तिथल्या अधिकाऱ्याच्या मागे रांग उभी असते. दोन्हीकडे कार्यकाळ तोकडाच. एक माणूस खुर्चीवर असताना दुसरा मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर, मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयात, तिच्यासाठी चकरा मारत असतो, आणि त्याच्या पाठीशी आमदार-खासदारांची शिफारसपत्रं असतात. आयुक्तांविरुद्धच्या तक्रारी अचानक वाढल्या तर त्या सगळ्याच शहरातून उगवलेल्या असतात असं धरू नये.

चौथं, अधिकारी स्वतः मागतो. याबद्दल कोणी लिहीत नाही, कारण त्यात बातमी नाही. पती-पत्नी दोघेही सेवेत असतील तर एकत्रीकरण, मुलांची दहावी-बारावी, आई-वडिलांचं आजारपण, केंद्रात प्रतिनियुक्तीची संधी. पदोन्नतीची साखळीही असते. वर एक खुर्ची रिकामी झाली की खाली चार-पाच हलतात, आणि वरची अडली की खालच्या अडतात. ३१ मार्च २०२४ ला निवृत्त होणाऱ्या मुख्य सचिव नितीन करीर यांना तीन महिने मुदतवाढ मिळाली होती. मुख्य सचिवांना केंद्राच्या मान्यतेने सहा महिन्यांपर्यंत अशी वाढ देता येते. त्या तीन महिन्यांत मंत्रालयात किती जणांची वाट लांबली असेल, ते साखळीतल्या माणसालाच विचारावं.

निवडणूक आयोगाचं कॅलेंडर वेगळंच. निवडणुकीच्या कामाशी संबंधित अधिकारी स्वतःच्या जिल्ह्यात नको, आणि गेल्या चारपैकी तीन वर्षं एकाच जिल्ह्यात काढलेला नको. म्हणून लोकसभा-विधानसभेच्या तोंडावर बदल्यांचं पीक येतं. उलट आचारसंहिता लागली की आयोगाच्या परवानगीशिवाय बदली नाही. ज्यांची जाण्याची वेळ झालेली असते तेही दोन महिने तगतात.

टिकतात ते कशामुळे

टिकण्याची कारणं मोजकी आहेत. एक म्हणजे तारीख ठरलेलं मोठं काम. २०१५ च्या सिंहस्थाची शाही स्नानं २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरला झाली. गेडाम कुंभमेळ्याआधी नऊ-दहा महिने आले आणि जुलै २०१६ पर्यंत राहिले. घाटांची कामं, साधुग्राम, पाणी, गर्दीचं नियोजन अर्ध्यावर असताना आयुक्त बदलायची हिंमत कोणतंच सरकार करत नाही, कारण चेंगराचेंगरी झाली तर पहिला प्रश्न हाच येईल. काम संपलं की ते कवचही संपतं. पुढच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि नाशिकची अमृत स्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला आहेत. त्यासाठी २०२५ मध्ये स्वतंत्र कुंभमेळा प्राधिकरण आलं आणि वेगळे कुंभमेळा आयुक्तही. याने खर्चाची फाईल एका टेबलावर आली, हे खरं. पण महापालिका आयुक्त ‘कुंभमेळ्यासाठी अपरिहार्य’ राहिले नाहीत, हेही खरं. गेडामांना २०१५ मध्ये जे संरक्षण होतं ते आता त्याच खुर्चीला तितकं मिळणार नाही, असा माझा अंदाज.

दुसरं म्हणजे दुहेरी आधार. पालकमंत्री आणि मुख्यमंत्री दोघांनाही चालणारा अधिकारी सहसा टिकतो. एकालाच चालणारा टांगलेला राहतो. नाशिकला जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्री जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्या नियुक्तीला स्थगिती मिळाली. अशा जिल्ह्यात अधिकाऱ्याला तीन-चार मंत्र्यांची मनं एकाच वेळी राखावी लागतात. त्यात वेळ किती जातो याचा हिशेब कुठल्याच अहवालात नसतो.

तिसरं, खुर्ची बदलून शहर टिकवणं. नाशिकमध्ये भाप्रसे दर्जाच्या खुर्च्या पुष्कळ आहेत : विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे सीईओ, महापालिका, आदिवासी विकास आयुक्तालय, आदिवासी विकास महामंडळ, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. गमे महापालिकेतून गेले आणि पुढे नाशिकरोडला विभागीय आयुक्त म्हणून आले. नंतर तेच पद गेडामांकडे आलं. पुलकुंडवार साखर आयुक्त झाले आणि पुढे पुण्याचे विभागीय आयुक्त. ‘हकालपट्टी’ म्हणून ज्या बदलीचे मथळे छापून येतात ती तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीच्या हिशेबात नुसतं एक वळण असते. मुदत अपुरी राहण्याचा तोटा अधिकाऱ्यापेक्षा शहराला जास्त होतो.

राजीनामा का देत नाहीत

लोकांचा आवडता प्रश्न : इतका अपमान होतो तर राजीनामा का देत नाहीत? उत्तर निवृत्तिवेतनाच्या नियमांत आहे. राजीनामा दिला की मागची सेवा जप्त होते आणि जुन्या योजनेतलं पेन्शन जातं. स्वेच्छानिवृत्तीने जात नाही, पण त्यासाठी वीस वर्षं सेवा आणि तीन महिन्यांची नोटीस. त्यामुळे सतरा-अठरा वर्षं झालेला अधिकारी काहीही गिळून दोन वर्षं काढतो आणि विसाव्या वर्षानंतर अचानक स्वाभिमानी होतो. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांचं थोडं वेगळं आहे. एनपीएसची (राष्ट्रीय पेन्शन योजनेची) जमा रक्कम राजीनाम्याने बुडत नाही, पण साठीआधी बाहेर पडलं तर (रक्कम अगदीच थोडी नसेल तर) तिच्यातले ऐंशी टक्के दरमहा पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत, म्हणजे अ‍ॅन्युइटीत घालावे लागतात. नियत वयाला निवृत्त झालं तर चाळीस टक्के घालून साठ हातात येतात. थांबण्याचं बक्षीस अजून शाबूत आहे.

शिवाय राजीनामा दिला की सुटलो, असंही नाही. तो मंजूर व्हावा लागतो. चौकशी चालू असेल किंवा सरकारला सोडायचं नसेल तर फाईल पडून राहते. काश्मीरचे भाप्रसे अधिकारी शाह फैसल यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामा दिला, पक्ष काढला, राजकारण सोडलं, आणि २०२२ मध्ये पुन्हा सेवेत घेतले गेले. कारण राजीनामा तोवर मंजूरच झालेला नव्हता.

नियत वयाला निवृत्त झाल्यानंतरही दारं उघडी असतात : माहिती आयोग, सेवा हक्क आयोग, महारेरा, वेगवेगळी प्राधिकरणं. खासगी कंपनीत जायचं तर एक वर्ष थांबावं लागतं किंवा परवानगी घ्यावी लागते; २०१५ पर्यंत ही अट दोन वर्षांची होती. सरकारी आयोगावर जायला थांबावं लागत नाही. शेवटच्या दोन वर्षांत अधिकारी एकदम सौम्य झालेला दिसला तर कारण शोधायला लांब जायला नको.

जे खरोखर सोडून जातात त्यांच्याकडे बहुधा दुसरी खुर्ची तयार असते. २०१७ मध्ये अरविंद पानगढिया नीती आयोग सोडून कोलंबिया विद्यापीठात परतले. २०२० मध्ये अशोक लवासा निवडणूक आयोग सोडून आशियाई विकास बँकेत गेले. जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याकडे अशी खुर्ची नसते. त्याच्याकडे असतो तो हरियाणाचे भाप्रसे अधिकारी अशोक खेमका यांचा रस्ता : चौतीस वर्षांत सत्तावन्न बदल्या, आणि एप्रिल २०२५ मध्ये नियत वयाला निवृत्ती. राजीनामा एकदाही नाही. मला हा रस्ता कमी धाडसाचा वाटत नाही.

आदेश कसा वाचायचा

बदलीचा आदेश निघाला की बातमीपेक्षा आदेशच वाचावा. सामान्य प्रशासन विभागाच्या पत्राच्या तीन ओळींत बरंच काही असतं. ‘आपली नियुक्ती अमुक यांच्या जागी, त्यांच्याकडून पदभार त्वरित स्वीकारावा’ असं असेल आणि येणाऱ्याचा आदेश त्याच दिवशीचा असेल, तर खुर्ची कोणाला तरी हवी होती. जाणाऱ्याला ‘नियुक्तीचे आदेश स्वतंत्रपणे देण्यात येतील’ असं असेल, तर त्याला सक्तीच्या प्रतीक्षेत टाकलं आहे. पगार चालू, काम नाही. घाईने किंवा रागाने हलवल्याची ही खूण. ‘पदभार जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवावा’ असं असेल, तर जाणारा नको होता, पण येणारा ठरला नव्हता. मुंढे यांच्या बदलीनंतर असंच झालं होतं. जून-जुलै २०२३ मध्येही महापालिका काही आठवडे प्रभारींवर चालली. प्रभार लांबला तर रस्सीखेच चालू आहे असं समजावं : दोन गट, दोन नावं, आणि कोणालाच नाराज करायचं नाही.

प्रभारी काळाचा फटका मात्र खराखुरा असतो. प्रभारी अधिकारी रोजच्या सह्या करतो. निविदा मंजुरी, भूसंपादनाचा मोबदला, कारवाईचे आदेश यांना हात लावत नाही, कारण उद्या चौकशी लागली तर सही त्याची. ठेकेदारांची बिलं तटतात, पावसाळ्याआधीची नालेसफाई जूनमध्ये ढकलली जाते. नवीन साहेब आले की पहिले दोन महिने आढावा बैठका, तिसऱ्यात आधीच्या साहेबांच्या दोन-तीन योजना बाजूला पडतात. मुंढे यांच्या काळात कामाची गरज, तांत्रिक व्यवहार्यता आणि निधीची उपलब्धता या त्रिसूत्रीवर नगरसेवकांची कामं तपासली जायची. कसोटी उत्तम होती, पण ती अधिकाऱ्याबरोबर आली आणि त्याच्याबरोबरच गेली, कारण ती ठरावात किंवा कार्यपद्धतीत कुठे पक्की बसवलेली नव्हती.

महापालिकेत ज्यांचं काम अडकलेलं आहे त्यांनी बदलीची कुणकुण लागताच आपल्या अर्जाचा आवक क्रमांक, फाईल कोणत्या विभागात कोणत्या तारखेला गेली, आणि आधीच्या आयुक्तांनी काही शेरा दिला असेल तर त्याची प्रत घेऊन ठेवावी. तोंडी आश्वासन पदभारासोबत हस्तांतरित होत नाही. पदभाराच्या प्रमाणपत्रावर दोन सह्या आणि वेळ एवढंच असतं, ‘मध्यान्हपूर्व’ किंवा ‘मध्यान्होत्तर’.

आणि बदली मुदतीआधी का झाली हे ज्यांना खरंच जाणून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी माहिती अधिकार आहे. अर्ज सामान्य प्रशासन विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, मंत्रालय, मुंबई. शुल्क दहा रुपये. ‘बदलीचं कारण काय?’ असा प्रश्न विचारू नये. प्रश्न म्हणजे माहिती नव्हे, असं उत्तर येतं. कागद मागावेत : बदली प्रस्तावाच्या फाईलवरील टिपणी, नागरी सेवा मंडळाच्या त्या बैठकीचं इतिवृत्त, आणि कलम ४(५) खाली नोंदवलेली कारणं. अधिकाऱ्याचं नाव, पद आणि आदेशाचा दिनांक नेमका लिहावा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरं अपील. शिफारसपत्रंही स्वतंत्र मुद्दा करून मागावीत. ‘त्रयस्थ पक्षाची माहिती’ म्हणून नाकारली गेली तर तेच अपिलाचं पहिलं कारण होतं, कारण लोकप्रतिनिधीने आपल्या पदाच्या कागदावर सरकारला लिहिलेलं पत्र खासगी कसं, याचं उत्तर विभागाला द्यावं लागतं.